आपापला चहा

माझा ॲसिडिटीचा त्रास जुना आहे. डॉक्टर विचारतात, तिखट जास्त खाता का, जागरण करता का. मी नाही म्हणतो. एका माणसाच्या स्वाभिमानापायी मी हा त्रास ओढवून घेतला, हे त्यांना सांगायचं म्हणजे निम्मा दिवस जायचा, आणि माझ्यात आता तेवढा दम राहिलेला नाही. बाहेर पेशंटही थांबलेले असतात. मी गोळ्या घेऊन घरी येतो.

त्या माणसाला आमची अख्खी शाळा डच सर म्हणत असे. अंबरनाथला आमची मराठी शाळा होती. ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठे. उंच, काळेसावळे, पांढऱ्या शर्टच्या खिशात कागदात गुंडाळलेला खडू. शाळेचा खडू ते वापरत नसत. स्वतःचा विकत आणत. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शाळेचा खडू लवकर मोडतो." खरं कारण ते नव्हतं, हे मुख्याध्यापकांनाही कळलं होतं.

फळ्याच्या मधोमध ते एक उभी रेघ मारायचे. डावीकडे 'अर्थ', उजवीकडे 'मूळ'. इंग्रजीतला कुठलाही वाक्प्रचार आला की आधी अर्थ, मग तो कुठून आला ते मूळ. मूळ पुस्तकात सापडलं तर ते लिहायचे. पुस्तकात असूनही पटलं नाही तर खाली कंसात 'ऐकीव' असं लिहायचे. त्यांच्या फळ्यावर ऐकीवच जास्त असे. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, तुम्हालाच माहीत नाही तर आम्ही परीक्षेत काय लिहायचं?" ते म्हणाले, "लिही, की सरांना माहीत नाही. अर्धा मार्क मी देतो." मुलानं खरंच लिहिलं, आणि यांनी खरंच अर्धा मार्क दिला. त्या पेपरवरून त्याच्या बापानं शाळेत येऊन जो गोंधळ घातला तो शेवटी मला निस्तरावा लागला.

'गो डच' ते दर वर्षी नववीच्या वर्गात शिकवायचे. शेजारच्या वर्गात माझा तास होता आणि मधली भिंत म्हणजे लाकडी फळ्या, त्यामुळे मी ते वर्षानुवर्षं ऐकत आलो. अर्थ सोपा: चारजण हॉटेलात गेले, तर ज्यानं त्यानं आपापले पैसे द्यायचे. मूळ सांगताना त्यांचा आवाज चढायचा. इंग्रज आणि डच समुद्रावरच्या व्यापारापायी भांडले, लढायाही झाल्या. मग इंग्रजांनी जे जे वाईट दिसेल त्याला डचांचं नाव चिकटवलं. दारू पिऊन आलेलं धैर्य, ते डच धैर्य. पाहुण्यानं स्वतःच पैसे भरायची मेजवानी, ती डच मेजवानी. "पण दुसरे म्हणतात की हे अमेरिकेतल्या जर्मन लोकांवरून आलं," असं सांगून ते खाली 'ऐकीव' लिहायचे. आणि मग दर वर्षी तेच वाक्य: "चेष्टा म्हणून दिलेलं नाव आहे. पण मला सांगा, यात चेष्टा करण्यासारखं काय आहे?"

मुलांना त्यात चेष्टा करण्यासारखं एकच सापडलं, ते म्हणजे सर स्वतः. कारण सर तसेच होते. स्टाफरूममध्ये आमची पाळी असे. आज याचा चहा, उद्या त्याचा. डच सर पाळीत नव्हते. किटली आली की ते आपल्या कपाचे पैसे टेबलावर ठेवायचे, मग कप उचलायचे. कुणी "अहो राहू द्या" म्हटलं तर कप परत खाली ठेवायचे. पहिली दोन वर्षं आम्ही त्यांना कंजूष म्हणत होतो. पण कुणाच्या घरी लग्न निघालं की यांचा आहेर आमच्या दुप्पट असायचा. तेव्हा कंजूष म्हणणंही जमेना. शेवटी डच हेच नाव राहिलं आणि त्यांनी ते शांतपणे घेतलं.

शाळा सुटली की आम्ही दोघं एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर बसायचो. टपरीवाला बदलापूरजवळच्या चामटोली गावचा, घरच्या म्हशींचं दूध आणायचा, त्यामुळे चहा दाट. साडेपाचला दिवसपाळी सुटून कामगार तिथे यायचे आणि सरांभोवती उभे राहायचे. कंपनीची पत्रं इंग्रजीत असायची. कुणाला कारणे दाखवा नोटीस, कुणाची बदली, कुणाचा दंड. सर पत्र दोनदा वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि लागलंच तर पाठीमागच्या कोऱ्या बाजूला इंग्रजीत उत्तर लिहून द्यायचे. दोघातिघांच्या नोकऱ्या त्यांनी अशा बाकावर बसून वाचवलेल्या मी पाहिल्या आहेत. तो कामगार मग आनंदानं म्हणायचा, "सर, चाय तो पिओ अपने तरफ से. एक कटिंग." सर म्हणायचे, "तू तुझा पी. मी माझा पितो." आणि रुपया टपरीवाल्याच्या हातात द्यायचे. फळीवर ठेवायचे नाहीत, हातातच द्यायचे. ग्लासही त्याच्या हातातून घ्यायचे.

उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये ते एका बराकीत भाड्यानं राहत. पुढे मालकाचं किराणा दुकान होतं. सिंधी शेठ, जीभ गोड. ते एकदा माझ्याकडे तक्रार करत होते, "साईं, तुम्हारा मास्टर अजीब आदमी है. मेरी दुकान, मेरी चाय, मैंने बोला बैठो. पीके पैसा रख दिया. मैं क्या होटल खोलके बैठा हूं?" मी म्हटलं, आमच्याकडेही तेच आहे. शेठनी हात जोडले.

याचं मूळ मला एकदाच कळलं. टपरीवाल्याच्या मुलीचं लग्न चामटोलीला होतं. आम्ही दोघं गेलो, जेवलो, सरांनी नेहमीसारखा भक्कम आहेर केला. परत बदलापूरपर्यंत चालत निघालो. उन्हं उतरली होती, पोट भरलेलं होतं, म्हणून मी थट्टेनं विचारलं, "सर, फळ्यावर सगळ्यांचं मूळ लिहिता. तुमच्या या चहाचं मूळ काय?"

ते म्हणाले, "हे ऐकीव नाही. बघितलेलं आहे." त्यांच्या गावात एक हॉटेल होतं. हॉटेलच्या बाहेर खिळ्याला कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. तो यांच्या वस्तीसाठी. वडील बाजारच्या दिवशी पैसे जमिनीवर ठेवायचे, मालक त्यावर पाणी शिंपडून उचलायचा, आणि वरून कपात चहा ओतायचा. "पण गणितवाले," ते मला गणितवालेच म्हणत, "वडील तो चहा बाहेरच्या दगडावर बसून प्यायचे. आरामात. पैसे दिलेले असायचे ना. एकदा गावच्या पाटलाला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, आज याचा चहा माझ्याकडून. मी सात वर्षांचा होतो. वडलांनी तो चहा उभ्यानं प्याला. एका हातात कप, दुसरा हात छातीशी. पाटील जाईपर्यंत बसले नाहीत. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत."

पुढे छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली, ते शिकले, मास्तर झाले, खिळ्यावरचा कप गेला. उभ्यानं प्यालेला तो चहा मात्र त्यांच्या मनातून गेला नाही.

म्हणजे मला मूळ माहीत होतं. माहीत असूनही मी पुढचं केलं, हे इथे लिहून ठेवतो.

अठ्ठावन्न पूर्ण होऊन डच सर निवृत्त झाले आणि त्यांची पेन्शन अडकली. आमच्याकडे येण्याआधी ते दुसऱ्या एका शाळेत होते, तिथल्या एका रजेची नोंद सर्व्हिस बुकात नव्हती. ज्या कचेरीत कागद गेले तिचं नाव घेत नाही, अशा कचेऱ्या सगळीकडे सारख्याच. तिथला कारकून म्हणाला, "होऊन जाईल मास्तर, जरा चहापाण्याचं बघा." सर म्हणाले, "मी माझा चहा पितो. तुम्ही तुमचा प्या." कारकुनाला वाटलं मास्तर विनोदी आहेत. तिसऱ्या खेपेला त्याला कळलं की ते विनोदी नाहीत, आणि फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली.

एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. सर दर महिन्याला अर्ज करत. इंग्रजी इतकं सुंदर, की मला वाटायचं कचेरीत कुणाला ते कळतच नसेल. टपरीवर मात्र रोज उल्हासनगरहून चालत यायचे, लोकांची पत्रं वाचायचे, आपला चहा प्यायचे.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत जीन्सच्या पँटींचा डोंगर होता. कॅम्पातल्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटी घरोघर येत, त्यांच्या शिवणीचे सुटलेले धागे कापून द्यायचे, नगावर पैसे. वहिनी कापत होत्या, आणि समोर डच सर चष्मा लावून कापत होते. बोटं निळी झालेली. मला बघून ते उठले नाहीत, लाजलेही नाहीत. म्हणाले, "या गणितवाले. जयभीम. एक कैची आणखी आहे, पण मजुरी तुमची तुम्ही घ्यायची."

मी हसलो. ते बाहेर पाणी आणायला गेले तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, मी बोलले ते ह्यांना सांगू नका. पण माझं दम्याचं औषध तीन महिने बंद आहे. तुमच्या ओळखीचं तिथं कुणी असेल तर बघा ना." त्यांनी पाकिटाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी कचेरीत गेलो आणि कारकुनाला दोनशे रुपये दिले. त्यानं मोजलेही नाहीत. म्हणाला, "एवढंच होतं हो सर. म्हातारा उगाच ताणत बसला." सहा आठवड्यांत पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही आली.

डच सर शाळेत पेढे घेऊन आले. स्वतःच्या पैशाचे, हे सांगायला नको. स्टाफरूममध्ये उभं राहून म्हणाले, "एक कपही चहा न पाजता काम झालं. वेळ लागला, पण झालं. तुम्ही तरुण आहात, लक्षात ठेवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पेढा मी न खाता कागदात गुंडाळून खिशात टाकला. मला वाटलं, एवढ्यावर भागलं तर भागलं.

भागलं नाही, आणि तेही त्यांच्याच स्वभावापायी. कचेरीनं अखेर न्यायानं काम केलं म्हणून सरांनी साहेबांना आभाराचं पत्र लिहिलं. पूर्ण एक पान इंग्रजीत. पोस्टानं न पाठवता स्वतः द्यायला गेले. कारकुनानं ते वाचून घेतलं, घाबरला, मग हसला. "मास्तर, हे वर कशाला पाठवता? तुमचे ते गणिताचे मित्र येऊन गेले ना. मग झालं की."

त्या संध्याकाळी ते टपरीवर आले तेव्हा पत्र खिशातच होतं, खडूशेजारी.

"किती दिलेत?"

"राहू द्या ना सर."

"किती?"

"दोनशे."

"हिला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात मी ज्या थोड्या खोट्या गोष्टी बोललो त्यातली ही एक, आणि तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुम्हाला चामटोलीच्या रस्त्यावर मी सगळं सांगितलं होतं." एवढंच. मग पाकिटातून शंभराच्या दोन नोटा काढून पुढे केल्या. मी हात मागे घेतले. मला वाटलं, मैत्रीत पैसे परत घ्यायचे नसतात. आमच्यात असंच शिकवतात. मी त्यांच्यावर दुसऱ्यांदा उपकार करतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"घेत नाही?"

"नाही सर."

"ठीक आहे. मग चहानं फेडतो. दोनशे कप." त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली आणि दोन रुपये त्याच्या हातात दिले. "एक माझा, एक यांचा."

टपरीवाला हातातल्या दोन रुपयांकडे बघतच राहिला. "सर, दोगांचा? तुमी देताव?"

"देतो. आणि यांचे कप तू मोजायचे." खिशातला खडू काढून त्यांनी त्याला दिला. टपरीच्या मागच्या फळीवर पहिली रेघ त्यांनी स्वतः मारली.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि स्टाफरूममध्ये त्याच जागी उभे राहिले. "मागे मी सांगितलं ते खोटं होतं. पाकीट दिलं गेलं होतं. मला माहीत नव्हतं. कुणी दिलं ते सांगणार नाही. तुमच्या टाळ्या परत घ्या." कुणाला काय करावं कळेना. मी फळ्याकडे बघत बसलो.

मग सुरू झाले ते चहाचे दिवस. पहिल्यांदा मला अवघडल्यासारखं झालं म्हणून मी टपरी टाळली. तीन दिवसांनी कळलं की ते तिन्ही दिवस येऊन, माझी वाट बघून, उन्हातून चालत परत गेले. तेव्हा लक्षात आलं की टाळण्यानं त्यांची शिक्षा लांबते. मग मी एका बैठकीत दोन-दोन कप प्यायला लागलो. कधी तीन. दाट दुधाचा, साखर जास्त घालून केलेला चहा. छातीत आग व्हायची, रात्री आंबट ढेकर. टपरीवाला रेघा मारायचा आणि म्हणायचा, "गुरजी, पोट बिगडंल हां." सर म्हणायचे, "त्यांना हवा तेवढा दे. पैसे मी देतोय."

मधेच त्यानं चहाचा भाव वाढवला, सव्वा रुपया केला. मी गणितवाला, मला आनंद झाला. म्हटलं, सर, आता कप कमी झाले. ते म्हणाले, "कप ठरले होते. रुपये नव्हे." त्या सगळ्या महिन्यांत आमच्यात बोलणं फार झालं नाही. शेजारी बसायचो, ते कामगारांची पत्रं वाचायचे, मी त्यांच्या पैशाचा चहा प्यायचो. तो चहा पिताना बाकावर मी कसा बसत असे ते मला अजून आठवतं. कडेला, अंग चोरून. रोज संध्याकाळी घरी येताना मी थकलेला असायचो, आणि तो थकवा शाळेचा नव्हता.

शेवटचा कप दिवाळीच्या सुट्टीआधी झाला. टपरीवाल्यानं रेघा दोनदा मोजल्या. "झालं सर. पुरं दोनशे." सरांनी ओल्या फडक्यानं फळी स्वतः पुसली. "उद्यापासून आपापला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सव्वा रुपया टपरीवाल्याच्या हातात दिला, ग्लास घेतला आणि त्यांच्या शेजारी ऐसपैस बसलो. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि किती दिवसांनी म्हणाले, "काय गणितवाले, पोट कसं आहे?" मी म्हटलं, वाट लागली. ते खो खो हसले. त्या एका चहाइतका आनंद मला पुढे कशानं झाल्याचं आठवत नाही. त्यांच्याशी माझी खरी मैत्री त्या दिवशी सुरू झाली, असं मी समजतो. ती चार वर्षं टिकली. मग ते गेले. बराकीसमोर एमआयडीसीतले इतके कामगार जमले होते, की शेठना दुकान बंद ठेवावं लागलं.

माझी निवृत्ती त्यानंतर काही वर्षांनी. कागद त्याच कचेरीत गेले. तो कारकून आता हेडक्लार्क झाला होता, केस पिकले होते, पण मला लगेच ओळखलं. "या या सर. तुम्हाला काय, पद्धत माहीतच आहे."

पद्धत माहीत होती. अर्थ माहीत होता, मूळही माहीत होतं. धाकटीचं लग्न ठरलेलं, पुढे दोन वर्षं फाइलच्या मागे फिरायचं बळ पायांत नव्हतं. घरात कुणी पँटींचे धागे कापणारं नव्हतं, आणि मला ते जमलंही नसतं. मी पाकीट दिलं. या वेळी त्यानं मोजलं.

महिन्याभरात काम झालं. ऑर्डर घेऊन बाहेर पडलो तर तोही सोबत खाली उतरला. कचेरीच्या फाटकाशी टपरी होती. म्हणाला, "चला सर, चहा घेऊ. आज माझ्याकडून."

मी खिशात हात घातला. "माझा मी देतो."

तो आधी समजला नाही, मग इतक्या जोरात हसला की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "कमाल करता सर. तिकडे हजार दिलेत आणि इकडे दोन रुपयांवर अडलात?"

मी दोन रुपये टपरीवाल्याच्या हातात दिले आणि ग्लास त्याच्या हातातून घेतला. हेडक्लार्क बाकावर बसला, थोडा सरकला, शेजारची जागा हातानं झटकली. "बसा ना सर."

जागा भरपूर होती. मी तो चहा उभ्यानं प्यालो.